किनाऱ्यावरचे फळ आणि उसाची साखर

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींचा समुद्राशी संबंध जून ते ऑगस्ट एवढाच असतो. लेबर डे उलटला की छत्र्या, घडीच्या खुर्च्या, कूलर गॅरेजमध्ये जातात आणि किनारा आपल्यापुरता मिटतो. नेमके त्याच सुमारास तेथे एक फळ पिकलेले असते. आपल्यापैकी फारच थोड्यांना त्याची ओळख आहे. त्याचे नाव बीच प्लम.

वाळूच्या टेकड्यांवर, खारा वारा सोसत, माणसाच्या कमरेएवढी किंवा फार तर डोक्याएवढी वाढणारी ही झुडपे अटलांटिकच्या काठाने मेनपासून मेरीलँडपर्यंत आढळतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना प्रुनस मॅरिटिमा म्हणतात. हे नाव हम्फ्री मार्शल याने १७८५ मध्ये दिले. जर्दाळू, पीच, चेरी आणि आपला आलुबुखार ही त्यांची भावंडे. मे महिन्यात पाने फुटण्याआधीच झुडूप पांढऱ्या फुलांनी झाकून जाते. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत फळे पिकतात. आकार आपल्या गावरान बोराएवढा किंवा किंचित मोठा, रंग बहुधा जांभळा, क्वचित लाल वा पिवळा, वर मेणासारखी पांढरट लव, आत एकच टणक आठळी. चव आंबटगोड, पण साल तुरट. दोन-चार खाल्ली की जीभ आखडते. म्हणून हे फळ बाजारात फारसे दिसत नाही. शिवाय ते लहरी आहे. एका वर्षी फांद्या वाकतील एवढे येते, तर पुढची एकदोन वर्षे झुडपावर पानेच पाहावी लागतात.

न्यू जर्सीचा हा किनारा मूळचा लेनापी लोकांचा. येथील रानफळांची पारख युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना होती. नंतर आलेल्यांनी त्याच फळात साखर घालून जेली केली आणि केप कॉडपासून केप मेपर्यंत ती घरोघरची वस्तू झाली. मॅसॅच्युसेट्समधील प्लम आयलंड या बेटाचे नावही याच फळावरून पडले आहे. जुन्या कुटुंबांत आपली झुडपे नेमकी कोठे आहेत हे परक्यास सांगायचे नाही, असा रिवाज असतो. आम्हांला हे फळ मिळाले ते अशाच एका घराच्या कृपेने. आमच्यापैकी एकाच्या कार्यालयातील सहकाऱ्याची आई दक्षिण जर्सीत, वाळूच्या टेकड्यांच्या मागच्या बाजूस राहते. वय ऐंशीच्या पुढे. यंदा झुडपे लगडली आहेत आणि आपल्या हातून तोडणी होत नाही, तेव्हा मुलाबाळांसह या, असा तिचा निरोप आला.

त्या वेळी आई आमच्याकडे आलेल्या होत्या. आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याची सासू. घरात मात्र दोघेही त्यांना आईच म्हणतो. धाराशिव जिल्ह्यातले गाव, वय सत्तरीच्या जवळ, सहा महिन्यांचा मुक्काम. अमेरिकेत त्यांचा वेळ जात नाही ही आमची नेहमीची चिंता. फळे तोडायला जायचे आहे म्हटल्यावर त्या पहाटे पाचलाच तयार होऊन बसल्या. दोन तासांच्या वाटेत त्यांनी तीनदा विचारले, “मालकाला इचारलंय नव्हं?” विचारले आहे, त्यांनीच बोलावले आहे, असे आम्ही तिन्ही वेळा सांगितले. थोरलीला त्या प्रश्नाचे हसू आले. फळे तोडायला बोलावले म्हणजे विचारलेच की! तेव्हा आईंनी तिला बांधावरच्या बोरींची गोष्ट सांगितली. बोरीला मालकाने कधी पाणी घातले नव्हते की खत. खाली पडलेली बोरे गुरे खात. पण महारवाड्यातल्या पोरींच्या ओट्यात ती दिसली की ओटा झाडायला लावत, आणि वर शिव्या. ती गोष्ट त्यांनी रागाने सांगितली नाही. बोरांची जात कोणती, कुठल्या बांधावरची गोड, कुठली किडकी, हेच त्यात अधिक होते. थोरलीचे हसू मात्र मावळले.

यजमानीणबाईंनी आधी झुडपे दाखवली नाहीत, आधी पाने दाखवली. तीन-तीनच्या जुडीने येणारी चकचकीत पाने म्हणजे पॉयझन आयव्ही. ती बीच प्लमच्या गर्दीत हमखास असते आणि तिचा स्पर्श झाला की अंगावर फोड उठतात. लांब बाह्या, लांब विजार, मोजे, आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे पाहणे, एवढे पथ्य त्यांनी आमच्याकडून वदवून घेतले. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर हे पथ्य त्यांनीही पाळावे. दुसरी गोष्ट अशी की, सार्वजनिक किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर पाय ठेवण्यास बंदी असते. ही झुडपेच ती वाळू धरून ठेवतात. तेव्हा उद्यानाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय कोणीही टोपली घेऊन निघू नये. आईंचा प्रश्न येथेही लागू पडतो, कारण मात्र वेगळे आहे.

तोडणीत आमचा निभाव लागला तो आईंमुळे. आम्ही चौघे एकेक फळ न्याहाळत होतो. आईंनी कमरेला ओढणी बांधून तिचा ओटा केला, डाव्या हाताने फांदी वाकवली आणि उजव्या हाताची बोटे फांदीवरून अशी फिरवली की पिकलेले तेवढे ओट्यात पडले आणि कच्चे फांदीवर राहिले. यजमानीणबाई काठी टेकून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “यांना शिकवायची गरज नाही. एवढेच सांगा की थोडी लालसर, अर्धवट पिकलेलीही हवीत.” चार भाग पक्क्या फळांत एक भाग अर्धकच्ची असली की जेली चांगली जमते, असे त्यांच्या घरचे प्रमाण. आम्ही ते आईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “कवठावाणी हाय मग.”

हे खरे आहे आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. जेली म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पाकिटातली, थरथरणारी, लाल-हिरवी जेली येते. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जेल-ओ निघाले तेव्हापासून ती अमेरिकेत रुळली. तिचा घट्टपणा जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेल्या पदार्थाचा. फळाच्या जेलीचा घट्टपणा फळाच्या अंगचाच असतो. त्या द्रव्याला पेक्टिन हे नाव आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८२५ मध्ये दिले. फळ कच्चे असताना त्यात पेक्टिन अधिक असते. पिकता पिकता ते विरघळून मोडत जाते आणि फळ मऊ पडते. कवठात आणि पेरूत ते भरपूर, म्हणून महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत जेली झाली ती कवठाची आणि पेरूची. आईंच्या माहेरी कवठ फोडून त्यात गूळ कालवून खात. त्याची जेलीही करतात हे त्यांनी पाहिले ते गावच्या शाळेतल्या बाईंच्या घरी, आणि तेही दारातून.

घरी येऊन फळे तोलली, ती दोन किलोंच्या थोडी वर भरली. कृती अवघड नाही, पण तिला घाई चालत नाही. फळे धुऊन, देठ काढून, जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. वीसेक मिनिटांत साली तडकतात, पाणी आधी गुलाबी आणि मग गडद जांभळे होते. लाकडी चमच्याने फळे हलकेच दाबावीत. आठळ्या मात्र फोडू नयेत, कारण या कुळातल्या बियांत विषारी अंश असतो. मग तो सारा लगदा ओल्या मलमलीत बांधून रात्रभर टांगून ठेवायचा. आम्ही धाकट्याच्या व्यायामाच्या दांड्याला टांगला. खाली पातेले, आणि टप् टप् आवाज. पिळायचे नाही, पिळले की रस गढूळ होतो आणि जेलीतून उजेड आरपार दिसत नाही. आईंना हे पटले नाही. एवढा गर वाया? सकाळी त्यांनी तो गर आठळ्यांपासून सोडवून, त्यात तिखट-मीठ-गूळ घालून चटणी केली. जेलीपेक्षा ती चटणीच आम्हांला अधिक आवडली, हे येथे नमूद करून ठेवतो.

रस भरला सहा कप. आता साखर.

प्रमाण असे की जेवढा रस, जवळजवळ तेवढीच साखर. सहा कपांना सहा कप, म्हणजे सुमारे १२०० ग्रॅम. थोरलीने लगेच हरकत घेतली. शाळेत तिला साखरेचे दुष्परिणाम शिकवले आहेत, आणि आजीला मधुमेह आहे हेही तिला ठाऊक आहे. निम्मी घालू या, असे तिचे म्हणणे. पण जेलीत साखर केवळ गोडीसाठी नसते. पेक्टिनचे धागे रसात पाणी धरून अलग अलग तरंगत असतात. साखर ते पाणी स्वतःकडे ओढून घेते, आंबटपणा त्या धाग्यांमधला दुरावा कमी करतो, आणि मग ते एकमेकांत गुंतून जाळे विणतात. त्या जाळ्यात रस अडकतो, तीच जेली. शंभर भागांत साठ-पासष्ट भाग साखर झाल्याशिवाय हे घडत नाही, आणि साखर एवढी असल्यामुळेच बुरशीला व जंतूंना वापरण्याजोगे पाणी उरत नाही व फळ वर्षभर टिकते. कमी साखरेत जमणारे निराळे पेक्टिन दुकानात मिळते. पण आम्हांला फळाच्या अंगच्या पेक्टिनवरच करून पाहायची होती.

हे सारे थोरलीला समजावत असताना आई साखरेची पिशवी हातात धरून उभ्या होत्या. चार पौंडांची पिशवी. “ही सगळी?” त्यांनी विचारले. सगळी नाही, पण बरीचशी. त्यांनी पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “ही उसाचीच का?”

पिशवीवर शुद्ध उसाची साखर असे छापलेले होते. अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक बीटपासून होते. उरलेली मुख्यतः फ्लोरिडा आणि लुईझियाना येथील उसाची. आम्ही तसे सांगितले. पुढचा प्रश्न आला, “तिथं कोण तोडतंय?”

हा प्रश्न आमच्या मुलांनी कधी विचारला नसता, आणि खरे तर आम्हीही नाही. आईंचे आईवडील ऊसतोड कामगार होते, आणि दहाव्या वर्षापासून त्याही. दिवाळी झाली की गाव अर्धे रिकामे होई. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जाई. कोयता हे तेथे माणसे मोजण्याचे परिमाण आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोप्या, पहाटेच्या अंधारात फड, पुरुषाने तोडायचे, बाईने सोलून मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायची, आणि रात्री ट्रक आला तर रात्री भरायचा. लग्नानंतरही आईंनी नऊ हंगाम काढले. आमच्यापैकी एकाची शाळा दरवर्षी दिवाळी ते अक्षय्यतृतीया बुडत असे, ती समाजकल्याणच्या वसतिगृहात प्रवेश मिळाल्यावर थांबली. हे सारे घरात ठाऊक होते, पण ते ‘आजीने फार कष्ट केले’ एवढ्या एका वाक्यात मिटलेले होते. त्या दिवशी ते मोळीसारखे सुटले. सहा महिने कारखान्याच्या धुराड्याखाली राहूनही कोपीत साखरेचा डबा नसे. चहा गुळाचा, आणि तो काळाच. साखर आणली जाई ती पाहुणा आला तर, किंवा लेकरू आजारी पडले तर, पुडीतून.

फ्लोरिडात आता ऊस यंत्रे तोडतात. पण फार जुनी गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत तेथे जमैका आणि शेजारच्या बेटांवरून माणसे हंगामापुरत्या परवान्यावर आणली जात, कोयत्याने ऊस तोडत, आणि हंगाम संपला की त्यांना परत पाठवले जाई. हे ऐकून आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “बायकाबी येत व्हत्या?” आणलेले बहुतेक पुरुषच असत. “मग मोळ्या कोण बांधी?” याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि आईंनी त्याची वाटही पाहिली नाही.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ मधील पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचे अन्न नोंदवले आहे. ते वाचताना आम्हांला पूर्वीच जाणवले होते की आपल्या घरांत साठवण नव्हती असे नाही. ती उन्हाची होती. वाळवलेली अंबाडी, वाळवलेली बोरे, मांसाच्या चान्या. ऊन फुकट होते आणि त्याला मालक नव्हता. साखरेची साठवण, म्हणजे मुरांबा, साखरआंबा, जेली, ही ज्यांच्या घरी आंब्याचे झाड, चिनी मातीची बरणी आणि मणभर साखर एकाच वेळी असे त्यांची. रानातले फळ कोणते, केव्हा पिकते, कोठे मिळते याचे ज्ञान मात्र पुष्कळदा पहिल्या घराकडे होते, दुसऱ्याकडे नव्हते. म्हणून सुगरणपणाच्या पुस्तकांत जेव्हा मुरवण्या-साठवण्याला संस्कृतीचे लक्षण ठरवले जाते, तेव्हा आम्ही थोडे थांबून वाचतो.

आईंनी साखर स्वतःच्या हाताने मोजून घातली. वाटी डोकावेल अशी नाही, बोटाने सपाट करून. तीन-तीन कपांचे दोन घाणे केले, कारण एकदम जास्त रस उकळला की वेळ लागतो आणि तोवर पेक्टिन मोडते. पातेले मात्र रसाच्या तिप्पट उंच हवे. उकळी फुटली की फेस सरसरून वर येतो. थर्मामीटर लावला तर २२० अंश फॅरनहाइट, म्हणजे पाण्याच्या उकळीहून आठ अंश वर, हा जेलीचा बिंदू. थोरली थर्मामीटर धरून होती. धाकटा फ्रीझरमध्ये थंड केलेल्या ताटल्या आणून देत होता. ताटलीवर थेंब टाकून, क्षणभर थांबून, बोटाने सारला आणि त्यावर सुरकुती पडली की झाले. आई कशाकडेच पाहत नव्हत्या, पळीकडे पाहत होत्या. पळी तिरपी धरली की आधी रसाचे थेंब सुटे पडत होते. मग दोन थेंब पळीच्या काठावर एकमेकांकडे सरकले, एक झाले आणि पडद्यासारखे ओघळले. “उतरवा,” आई म्हणाल्या. थर्मामीटरवर २१९ होते. गुऱ्हाळावर काकवी आणि गूळ यांमधला क्षण ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक अंशाची वाट पाहावी लागत नाही.

उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्यांत, काठापासून पाव इंच जागा सोडून जेली भरली. जॉन मेसन याने १८५८ मध्ये ज्या आट्यांच्या बरणीचे पेटंट घेतले तिचीच ही आजची रूपे. झाकणे लावून बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे. येथील जुन्या घरांत वर मेणाचा थर ओतून बरण्या बंद करत. ती रीत आता सुरक्षित मानत नाहीत, तेव्हा कोणी कौतुकाने सांगितली तरी करू नये. बरण्या ओट्यावर निवत असताना झाकणे एकेक करून टक्-टक् वाजतात, ती आत ओढली गेल्याची खूण. सात वाजल्या. धाकट्याने मोजल्या.

खिडकीत धरली तर जेली माणकासारखी दिसत होती. चव आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी सालीचा तो तुरटपणा, अगदी पुसट. आईंनी अर्धा चमचा खाल्ला. मग पाव चमचा आणखी. थोरलीने साखरेचा हिशेब काढला नाही.

एक बरणी यजमानीणबाईंना, दोन आपल्या मंडळाच्या ऑक्टोबरमधील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनाला, तीन घरात. सातवीचे काय, यावर बोलणे होण्याआधीच ती आईंच्या खोलीत गेलेली होती. त्या नोव्हेंबरात परतणार आहेत. गावी त्यांची धाकटी बहीण आहे. तिच्याबरोबर त्यांनी अकरा हंगाम एकाच फडात काढले. हातातल्या पिशवीतून जेली नेता येत नाही, विमानतळावर तिला द्रवातच मोजतात आणि १०० मिलिलिटरच्या वर सोडत नाहीत. तेव्हा बरणी मोठ्या बॅगेत, दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवली आहे. वरच्या चिठ्ठीवर धाकट्याने आजीच्या सांगण्यावरून मराठीत लिहिले: दर्याकाठची बोरं. खाली तारीख.

बंद बरणी वर्षभर टिकते, पण उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवायला सांगा, असे आम्ही आईंना बजावले. मावशीकडे फ्रीज नाही, हे नंतर आठवले. आई म्हणाल्या, “उघडल्यावर तिची नातवंडं सांजंपातूर ठेवत्यात व्हय?”